जमीन न हलणारं पुस्तक

तलासरीच्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते आणि राहायला डहाणूत. नवरा तारापूरला एका कारखान्यात, पाळ्यांच्या कामावर. त्यामुळे सकाळी घरातून कोण आधी निघणार हे आठवड्यागणिक बदलायचं, माझी एसटी मात्र ठरलेली. आशागडवरून हायवेला लागायचं आणि मग उत्तरेकडे. जाऊन-येऊन बराच वेळ बसमध्ये जायचा. तेवढ्या वेळात मी वाचायचे.

वाचायचे ते एकाच प्रकारचं. ज्यात ड्रॅगन असतो, शापित तलवार असते आणि पहिल्या पानावर उच्चारता न येणाऱ्या गावांचा नकाशा असतो, असली जाडजूड इंग्रजी पुस्तकं. बीएस्सीला असताना लागलेली सवय. लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी लागली, तरी सुटली नाही. दवाखान्यातल्या सिस्टरांनी एकदा मुखपृष्ठ पाहून विचारलं, "मुलीचं पुस्तक का?" मुलगी तेव्हा बालवाडीत होती. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायला लागले.

२०१४च्या पावसाळ्यानंतर आशागडला एक तरुण शिक्षिका बसमध्ये चढायला लागली. तलासरीच्या बाजूच्या एका शाळेत नुकतीच लागली होती. तिचं गाव त्याच बाजूला, डोंगराकडे. घरी भात आणि नागलीची शेती. पण त्या वर्षी ती आशागडला थोरल्या बहिणीकडे राहत होती. हे सगळं मला नंतर कळलं. आधी एवढंच दिसलं, की ती माझ्या शेजारी बसते, बस सुटली की मोबाईल डोळ्यांजवळ धरते आणि उतरायची वेळ झाली तरी मान वर करत नाही. मला वाटलं, कुणाशी तरी चॅटिंग चालतं. एकदा खड्ड्यात बस आदळली, तिचा मोबाईल माझ्या पायाशी पडला. उचलून देताना स्क्रीनवर ओळ दिसली. त्या ओळीत एक राणी आपल्या मेलेल्या घोड्याशी बोलत होती.

मी म्हटलं, "हे मी वाचलंय."

ती दचकली. "तुम्ही? ताई, पुढचं सांगू नका हं."

मग तिने माझ्या मांडीवरच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुस्तकाकडे बोट केलं. "आणि हे काय?"

मी कव्हर थोडं सरकवून दाखवलं. ती इतकी हसली, की कंडक्टरने वळून पाहिलं.

त्या दिवसापासून बसमधली आमची जागा ठरली. ती मला ताई म्हणायची. मी तिला आधी मॅडम म्हणायचे, महिन्याभरात अगं-तुगंवर आले.

आम्हाला पुस्तकं मिळायची कुठून, तर स्टेशनाजवळच्या रद्दीच्या दुकानातून. मुंबईहून येणारे लोक इकडे बंगले बांधतात, चार वर्षांनी विकतात, आणि जाताना पुस्तकं रद्दीत टाकतात. दुकानदार मला ओळखायला लागला होता. एका शनिवारी आम्ही दोघी गेलो तेव्हा म्हणाला, "बेन, हे रॉकेटवालं, भुतांवालं तुम्ही नेता ना? आणखी एक जण पण नेतात. चिकूवाले काका. तुमच्या आधी येतात, म्हणून चांगलं चांगलं तुम्हाला मिळत नाही."

आम्हाला रागच आला त्या काकांचा. पुढच्या शनिवारी लवकर गेलो. सत्तरीच्या पुढचे, पांढरा शर्ट, खाकी हाफपँट घातलेले एक गृहस्थ रद्दीच्या ढिगासमोर स्टुलावर बसले होते. गुजराती घरातले, पण मराठी आमच्यासारखीच बोलणारे. मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही सगळी नेता का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळी नाही. ज्यात जादू असते ती इथेच टाकून जातो. ती तुम्ही नेता काय?"

"हो."

"मग भांडण कसलं? रविवारी वाडीवर या. चहा प्या."

वाडी म्हणजे चिकूची बाग. मधोमध कौलारू घर आणि त्यात काचेची दोन कपाटं, वरपासून खालपर्यंत सायन्स फिक्शनने भरलेली. मंगळावरच्या वसाहती, बिघडलेले रोबो, काळात मागे जाणारी माणसं. शेजारी मराठी दिवाळी अंकांचे गठ्ठे, फक्त विज्ञानकथांसाठी ठेवलेले. बायको गेल्यानंतर संध्याकाळी काय करायचं म्हणून काकांनी वाचायला सुरुवात केली होती. त्याआधी त्यांनी चिकू, खत आणि मजूर सोडून कशाचाही विचार केला नव्हता, असं त्यांचंच म्हणणं.

त्यानंतर महिन्यातले दोन-तीन रविवार आमचे तिथे जायचे. नवऱ्याची सुट्टी असली की मुलगी त्याच्याकडे, नसली की माझ्याबरोबर. ती झाडांखाली खेळायची. गवती चहाचा वास असलेला चहा यायचा आणि काका विचारायचे, "बोला, चालू काय?" म्हणजे सध्या काय वाचताय. तब्येत, पाऊस, नोकरी हे सगळं त्यानंतर. एकेकाने सांगायचं, बाकीच्यांनी वाद घालायचा.

काकांचं ठाम मत होतं, की जादू म्हणजे लेखकाचा आळस. "अडचण आली की मंत्र म्हणायचा. मग मेहनत कोण करणार?"

मी म्हणायचे, "आणि तुमच्यात अडचण आली की नवीन यंत्र काढतात, ते?"

"यंत्राला नियम असतात, बेटा."

"जादूलाही असतात. तुम्ही वाचत नाही म्हणून."

शिक्षिका दोन्ही वाचायची आणि दोन्हींवर चिडायची. तिचं एक म्हणणं मी कधी विसरले नाही. ती म्हणाली, "ताई, तुमच्या राजांच्या पुस्तकात जंगलात राहणारी माणसं येतात ना, ती नेहमी दोनच प्रकारची असतात. एक तर फार शहाणी, नाहीतर माणसं खाणारी. साधं कुणी नसतंच. कुणाला ताप येत नाही, कुणाची बकरी हरवत नाही. आणि काका, तुमच्या दुसऱ्या ग्रहावरचे लोकपण तसेच."

काका म्हणाले, "मग वाचतेस कशाला?"

"आवडतं म्हणून," ती म्हणाली. "आवडतं म्हणून तर राग येतो."

वर्ष-दीड वर्षाने तिला घराजवळची शाळा मिळाली आणि ती आशागड सोडून आईकडे पाड्यावर राहायला गेली. बसमधली जागा मोडली, पण रविवारी ती येत राहिली. सकाळची बस पकडायची, दुपारच्या बसने परत. पाड्यावर मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून ती डहाणूला आली की पुढच्या पंधरा दिवसांचं वाचन उतरवून घ्यायची.

२०१७मध्ये काकांच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी म्हणाले, छपाई खराब आहे. मग म्हणाले, बल्ब कमी आहे. शेवटी वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. इंजेक्शनं घेऊन आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. काकांनी आम्हाला ते फार सरळपणे सांगितलं. "कडा दिसतात, मधलं दिसत नाही. तू आलीस ते कळतं, पण तोंड दिसत नाही. पान दिसतं, अक्षर नाही."

तेव्हा ते एका अवकाशयानाच्या कादंबरीच्या मध्यावर होते. त्या यानात माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या जन्मतात आणि मरतात, यान चालतच असतं. आम्ही पाळीपाळीने त्यांना वाचून दाखवायला लागलो. मी इंग्रजीतूनच वाचायचे. शिक्षिकेला इंग्रजी मोठ्याने वाचायचा संकोच वाटायचा, म्हणून ती एकेक परिच्छेद मनात वाचून मराठीत सांगायची. तिचं सांगणं इतकं छान व्हायचं, की माझी पाळी आली की काका उगाच चहाची आठवण काढायचे. मला थोडं लागायचं, पण खरं होतं ते.

मात्र तिला कंटाळा आला की ती पानं गाळायची, आणि काकांना कळायचं.

"थांब. यान ग्रहाच्या जवळून वळलं म्हणालीस. इंजिनाचं काहीतरी असणार इथे. ते कुठे गेलं?"

"काका, ते तीन पानं आहे."

"असू दे तीन पानं. वाच."

२०१८ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली.

पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसला नाही. तलासरी आणि डहाणूच्या पूर्वेकडच्या गावांत लोक म्हणायला लागले, की आधी आवाज येतो, सुरुंग लावल्यासारखा, आणि मग घर हलतं. डहाणूत आम्हाला कधी जाणवायचं, कधी नाही. दवाखान्यात मात्र जाणवायचं. काचेच्या स्लाइड ट्रेमध्ये वाजायच्या. मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावून पेशी मोजत असले की त्या सरकायच्या आणि मला आधी वाटायचं, मलाच चक्कर येतेय. एका दुपारी मोठा धक्का बसला. आम्ही सगळे बाहेर पळालो. अंगणात आल्यावर पाहिलं, तर माझ्या हातात कुणाच्या तरी रक्ताची नळी तशीच होती, आणि ज्याचं रक्त होतं तो म्हातारा माझ्याच शेजारी दंडावर कापूस धरून उभा होता. "सांडलं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग परत काढायला नको," तो म्हणाला.

त्या दिवसांत मी एक पृथ्वी फुटण्याची कादंबरी वाचत होते. चांगली होती. पण बसमध्ये पुस्तक उघडलं आणि पहिल्याच वाक्यात भिंत कोसळली तेव्हा मी ते मिटलं. दुसरं घेतलं, त्यात डोंगर दुभंगला. तिसरं घेतलंच नाही. रविवारी काकांनी विचारलं, "चालू काय?" मी म्हटलं, "काही नाही." चार-साडेचार वर्षांत असं उत्तर पहिल्यांदाच गेलं होतं. शिक्षिका तर कित्येक रविवार आलीच नव्हती आणि तिचा फोन लागत नव्हता.

शेवटी मी आणि नवरा मोटरसायकलवरून तिच्या पाड्यावर गेलो. बरोबर एक मोठी ताडपत्री घेतली होती. तिच्या घरासमोरच्या खळ्यावर बांबू रोवून आधीच एक तंबू उभा होता. विटांच्या नव्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. शेजारची जुनी कुडाची खोपटी मात्र तशीच होती. तिची आई त्या खोपटीत स्वयंपाक करायची. झोपणं, बसणं, मुलांचा अभ्यास, सगळं तंबूत. शाळाही शिक्षिका झाडाखालीच भरवत होती. मुलं वर्गात जायला तयार नव्हती.

ती बारीक झाली होती. आम्ही खाटेवर बसलो. मी विचारलं, "काय म्हणतात लोक? कशामुळे होतंय?"

"कुणी म्हणतं धरणाचं पाणी खाली गेलं. कुणी म्हणतं खाली ज्वालामुखी आहे. माणसं आली होती, यंत्र बसवून गेली." मग ती थोडं हसली. "ताई, काकांच्या पुस्तकात कसं असतं, शास्त्रज्ञ येतो, एक आकडा बघतो आणि त्याला सगळं कळतं. इथे आलेले साहेब चांगले होते बिचारे. मी विचारलं, मोठा येणार का? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. मी विचारलं, कधी थांबेल? म्हणाले, तेही सांगता येत नाही. मला त्यांचा राग नाही आला. खोटं तर नाही ना बोलले. पण सायन्स फिक्शन वाचवत नाही आता. सगळं समजावून सांगणारं पुस्तक नको वाटतं."

"मग काय हवं?"

"जादूचं. पण जमीन हलत नाही असं."

हे मी काकांना येऊन सांगितलं. मला वाटलं, ते जादूवरून काहीतरी टोमणा मारतील. ते म्हणाले, "शोध. आणि सापडलं की मला गाडीतून तिकडे ने. ती येत नाही, तर आपण जाऊ."

जमीन न हलणारी फँटसी शोधणं किती कठीण आहे हे मला तेव्हा कळलं. घरातली एकेक काढून चाळली. राक्षस उठतो तेव्हा डोंगर हलतो. राजा खोटं बोलतो तेव्हा किल्ला हलतो. जादूगार नुसता रागावला तरी फरश्या तडकतात. शेवटी एक सापडली. त्यात खारफुटीच्या चिखलात राहणारा एक ड्रॅगन होता, आणि भावांनी घराबाहेर काढलेली, मीठ पिकवणारी एक मुलगी. बहुतेक गोष्ट होडीत घडत होती. मी ती कॉलेजात वाचली होती आणि मला तिच्यात भूकंप आठवत नव्हता.

फेब्रुवारीपासून आम्ही रविवारी तिकडे जायला लागलो. काकांचा ड्रायव्हर गाडी खळ्याच्या कडेला लावायचा, काकांना हात धरून खाटेपर्यंत आणायचा. शिक्षिका परिच्छेद वाचायची आणि मराठीत सांगायची. पहिल्या रविवारी ऐकायला आम्हीच होतो. तिची आई चूल सांभाळत कान देऊन होती. दुसऱ्या रविवारी शेजारच्या दोन बायका येऊन बसल्या, मग त्यांची मुलं, मग पुरुष. तेव्हापासून ती आपल्या घरच्या बोलीत सांगायला लागली. मला सगळं कळायचं नाही, काकांना तर अर्धंच. "मजा येतेय," काका म्हणायचे, "तू नंतर सांग मला."

लोक मधेच प्रश्न विचारायचे. ड्रॅगन खातो काय, हा पहिला. मासे, म्हटल्यावर एकीने विचारलं, "मग कोळी त्याला मारत नाय?" तिच्या आईला मुलीच्या भावांचा भयंकर राग यायचा. त्यांचं नाव आलं की ती चुलीतलं लाकूड जोरात आत सारायची.

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर एका रविवारी शिक्षिकेने पान मनात वाचलं आणि ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. पुस्तक माझ्यासमोर धरलं. मी वाचलं. मुलगी मिठागरावर उभी आहे आणि जमीन हलते. अख्खं एक पान. हे मी साफ विसरले होते.

मी हळूच म्हटलं, "गाळ."

तिने मान वर केली. समोर सगळे थांबून बसले होते. मग म्हणाली, "काकांना कळेल." आणि तिने ते सांगितलं, जसंच्या तसं. मिठाचे ढीग कोसळले, होड्या उलट्या झाल्या, मुलगी पालथी पडली.

मी मान खाली घातली. मग शेजारच्या म्हातारीने विचारलं, "आवाज आला काय आधी?"

शिक्षिकेने पान पुन्हा पाहिलं. "नाय. आवाजाचं काय लिवलं नाय."

"मग कसला तो," म्हातारी म्हणाली.

एक माणूस म्हणाला, "आणि कुत्री? कुत्री भुंकली असतील ना आधी."

"कुत्री नाहीत पुस्तकात."

"किती वेळ हललं पण?"

"पुरं पानभर."

"एवढा वेळ? मग घर राहील काय?" आणि कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले. प्रत्येकाला आपला धक्का सांगायचा होता. कोण तांब्या घेऊन पळाला, कोण सासूला आत विसरून आला, कोणाचा कोंबडा भलत्या वेळी आरवला. ती सासूही तिथेच बसली होती आणि तिने सुनेला दोन शब्द सुनावले. अर्धा तास तरी पुस्तक बाजूलाच पडलं. इतके दिवस ही माणसं धक्क्याविषयी फक्त पंचनाम्याला आलेल्यांशी बोलत होती, असं शिक्षिका मला नंतर म्हणाली. आपापसात मजेने पहिल्यांदाच बोलली.

काका खाटेवर मान पुढे करून सगळं ऐकत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "लेखकाने इथे येऊन विचारायला पाहिजे होतं." आणि थोड्या वेळाने, "पण ड्रॅगन चांगला आहे हं."

पुस्तक पावसाच्या तोंडावर संपलं. पाऊस सुरू झाल्यावर खळ्यावरचा तंबू टिकेना. धक्के थांबले नव्हते, पण लोक एकेक करून घरात गेले. जाणार कुठे दुसरीकडे? चीर गेलेल्या भिंतीला शिक्षिकेच्या भावाने बाहेरून टेकू लावला. शाळाही वर्गात भरायला लागली, मुलांना दाराच्या बाजूला बसवून. काकांच्या मुलीने त्यांना वाचून दाखवणारा मोबाईल आणून दिला. काकांची तक्रार होती, की गोष्टीत माणूस मेला तरी तो रेल्वेच्या घोषणेसारखंच सांगतो. पण ऐकायचे. मीही हळूहळू वाचायला लागले.

दिवाळीनंतर भात घरात आल्यावर शिक्षिका आईला घेऊन डहाणूला आली. आधी वाडीवर काकांकडे गेलो, त्यांनी पिशवीभर चिकू दिले. मग आईला समुद्र दाखवायला नेलं. ओहोटी होती. सुरूच्या झाडांखाली उभं राहून तिने लांबवर पसरलेल्या ओल्या चिखलाकडे पाहिलं आणि विचारलं, पाणी कुठे गेलं. मी म्हटलं, येईल संध्याकाळी. तेवढं थांबायला तिला वेळ नव्हता, दुपारची बस होती. धाकटी डहाणू या कोळ्यांच्या गावातल्या बायका सुकट घेऊन बसल्या होत्या तिथे ती बराच वेळ रमली. दोघींचा भाव नाकारून तिसरीकडून घेतलं.

स्टॅंडवर बस लागली होती. चढता चढता आई थांबली आणि मला म्हणाली, "ती मिठाची पोर शेवटी घरी गेली ना. भावांनी दार उघडलं काय?"

मी म्हटलं, "ते लिहिलेलं नाही, काकी. ती दारापर्यंत पोचते आणि पुस्तक संपतं."

"हे काय लिवणं झालं," ती म्हणाली, आणि मुलीने खिडकीपाशी धरून ठेवलेल्या जागेवर जाऊन बसली.